वरमाईची हिरवी पट्टी

येवल्याला पैठणी घ्यायला आम्ही दोघी जावा गेलो होतो. लग्न माझ्या मुलाचं, वरमाई मी, पैठणी माझ्यासाठी. आणि त्या दुकानदाराने साडी उलगडली ती थेट माझ्या धाकट्या जावेच्या खांद्यावर!

"बघा, ताईंवर कशी खुलली," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "वरमाय आपण का? मग आपल्याला रुंद काठाची दाखवतो. त्यात अंग झाकलं जातं."

अंग झाकलं जातं! मेल्याची जीभ झडो. केतकी हसली नाही. उलट घाईघाईने पदर काढून म्हणाली, "अहो, ही वहिनींनाच छान दिसेल." तिने हे म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. कोणी आपली कीव करावी, आणि तीही आपलीच पैठणी अंगावर घेऊन, याच्यासारखा संताप नाही. मी तीच साडी घेतली. नाशिकला परतताना ती बिनचालकाची गाडी एकसारखी "प्रवास सुखाचा होवो" म्हणत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले होते.

सरळच सांगते, मी जळत होते. मी ऋजुता. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. केतकी या घरात आली तेव्हा चांगली गोलमटोल होती आणि मी शेवग्याची शेंग. सासूबाई पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या तीच मुळी अशी, "ही आमची शेंग आणि हा आमचा भोपळा." केतकी सगळ्यांत मोठ्याने हसायची. मीही हसायचे, पण मला ते मनातून आवडायचं. वीस वर्षं घरातल्या प्रत्येक फोटोत मी पुढे आणि ती कोणाच्या तरी खांद्यामागे. मग पन्नाशी आली, पाळी गेली, आणि माझी कमर जी सुटली ती आवरेना. नेमक्या त्याच सुमाराला केतकीने कडीची सुई घेतली.

कडीची सुई हे लोकांनी ठेवलेलं नाव. मी मास्तरीण आहे, तेव्हा थोडं शिकवणारच. ऐकून घ्या.

चरबी म्हणजे शरीरात साचलेला तेलकट गाळ, असं पोरं दरवर्षी पेपरात लिहितात आणि मी दरवर्षी त्यावर लाल रेघ मारते. गाळ कसला? पेशी चरबीसाठी रीतसर कप्पे बांधते. पेशीच्या आत पातळ पडद्यांचं एक जाळं असतं आणि त्या पडद्याला दोन पदर असतात. खाल्लेल्यातलं जास्तीचं तेल या दोन पदरांच्या मधे जमतं आणि पुरीसारखा तिथे फुगवटा येतो. पण हे कुठेही, कसंही झालेलं पेशीला चालत नाही. सीपिन नावाचं एक प्रथिन आहे. त्याचे रेणू एकमेकांना धरून गोल कडी करतात. ती कडी पडद्यात बसते, तेल एका जागी गोळा करते आणि थेंबाची मान धरून त्याला बाहेरच्या अंगाला फुगू देते. असा बाहेर आलेला, एकाच पदरात गुंडाळलेला थेंब म्हणजे आपला कप्पा. उरलं की त्यात तेल भरायचं, लागलं की काढायचं. पोटावरच्या मेदपेशीत असा एकच कप्पा एवढा फुगतो की बाकीच्या पेशीला कडेला अंग चोरून बसावं लागतं.

सुई करते ते इतकंच की कातडीखालच्या मेदपेशींमधली ही कडी सहा महिने जुळू देत नाही. नवे कप्पे होत नाहीत, जुने हळूहळू रिकामे होतात. उपास नको, पळणं नको, माणूस आपलं आपण सडपातळ होतं.

पण मग तेल जातं कुठे? परीक्षेत मी नेमकं हेच विचारते आणि पोरं नेमकं इथेच गडबडतात. कप्पे गेले म्हणून तेल नाहीसं होत नाही. ते रक्तात फिरत राहतं, यकृतात घुसतं, स्वादुपिंडाची आग आग करतं. जन्मापासून ही कडीच नसलेली माणसं असतात. त्यांच्या अंगावर चरबी नावाला नसते, आणि यकृत मात्र सुजलेलं. आपण जिला उठता-बसता नावं ठेवतो ती चरबी म्हणजे घरातलं कोठार आहे. कोठाराला कुलूप घातलं की पोती अंगणात भिजत पडणार.

म्हणून सुई घेतलेल्याने एका जेवणात चमचाभराहून जास्त तूप-तेल खायचं नाही, आणि मनगटावर हिरवी पट्टी बांधायची. पट्टी कातडीतूनच रक्तातलं तेल मोजते आणि ते वाढलं की थरथरते. औषधाचा असर संपेपर्यंत ती निघत नाही, कायदाच तसा आहे. कारण लोक औषधाने नाही, आग्रहाने मरायला लागले होते. आता प्रत्येक मंगल कार्यालयाच्या दारात पाटी असते, "हिरव्या पट्टीस आग्रह करू नये," आणि आचारी त्यांचं ताट वेगळं काढतो.

केतकीलाही दणका बसला होता. गौरी जेवल्या त्या दिवशी, "एवढ्याने काय होतंय," म्हणत तिने दोन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या. संध्याकाळी पोट धरून लोळायला लागली. हॉस्पिटलात मीच होते तिच्याजवळ. रक्त काढलं ती नळी मी डोळ्यांनी पाहिली. तांबड्या रक्तावर सायीसारखा पांढरा थर आला होता. डॉक्टर म्हणाले, "या खेपेला स्वादुपिंड वाचलं. सुईचा असर आहे तोवर पुन्हा असं केलंत, तर मला बोलवू नका, भटजींना बोलवा."

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बघून, वर शिकवून, या बाईने सुई घेतली? घेतली. येवल्याहून आल्यावर आठ दिवसांत, पेपर तपासायला संभाजीनगरला जाते असं घरी सांगून घेतली. ज्ञान डोक्यात असतं हो, जळफळाट पोटात असतो. माझ्या मुलाच्या लग्नात सगळ्यांनी वरमाईकडे बघायचं सोडून काकूकडे बघावं, हे मला सहन होणार नव्हतं. आणि सुई घेतली हे केतकीला कळणं तर त्याहून नको होतं. तिची नक्कल केली असं झालं असतं ना!

मग सुरू झाली लपवाछपवी. डिसेंबरचं लग्न, त्यामुळे लांब बाह्यांचा स्वेटर चालून गेला. केळवणांना मात्र जीव मेटाकुटीला आला. एकीकडे पित्त झालंय, दुसरीकडे दाढ दुखतेय, तिसरीकडे आज माझा गुरुवार. व्याह्यांनी जळगावला जेवायला बोलावलं तेव्हा वांग्याच्या भरतावर तेल तरंगत होतं. मी दोन घास खाल्ले आणि बाकीचं भाकरीखाली दडवलं. सानिकाच्या, म्हणजे होणाऱ्या सुनेच्या, आईने ते पाहिलं. शलाकाताईंचा चेहरा उतरला.

कंबर मात्र उतरली. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. नवरा, मंदार, म्हणाला, "लग्नाच्या धावपळीने वाळलीस गं." केतकी म्हणाली, "वहिनी, काय सुंदर दिसताय! काय करता काय?"

"काही नाही, सकाळची चालते."

एवढ्या दिवसांनी मला गाढ झोप लागली.

लग्नाच्या आदल्या दिवशी कासार चुडा भरायला आला आणि माझी मोठीच काळजी मिटली. हिरव्या बांगड्यांच्या गर्दीत हिरवी पट्टी कोणाला दिसते? डाव्या हातात मी मुद्दाम दोन बांगड्या जास्त भरून घेतल्या. केतकीने आपली पट्टी बांगड्यांच्या पुढे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. तिला लाज कसली ती नाहीच!

लग्न छान लागलं. पैठणीत मी कशी दिसत होते म्हणाल, तर फोटोवाला तीनदा म्हणाला, "वरमाय, जरा इकडे." मी सुखात होते. मग विहिणीची पंगत मांडली.

ज्यांनी ही पंगत पाहिली नसेल त्यांना सांगते. मुलीकडच्या बायका मुलाच्या आईला पाटावर बसवतात, ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, वर गाणी. वरमाईने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवायला सुरुवात करत नाही. आणि वरमाईने नको म्हटलं की त्याचा अर्थ ती रुसली. रुसली की समजूत काढायची, आणि समजूत काढायची म्हणजे आणखी वाढायचं. यातून बाहेर पडायची वाट आपल्या पूर्वजांनी ठेवलेलीच नाही. हिरवी पट्टी दाखवली तर सुटका. ती मी बांगड्यांत दडवून बसले होते.

शेजारच्या पाटावर केतकी. तिच्या ताटात बिनतुपाचं वरण, भात, उकडलेली भाजी. माझ्या ताटात पुरणपोळी पडली आणि शलाकाताईंनी लोटीतून तुपाची अशी धार धरली की थांबेचना.

"पुरे, पुरे!"

"पुरे कसं, विहीणबाई? आज आमचा मान आहे."

मी कोरडा कोपरा बघून एक तुकडा मोडला आणि चघळत बसले. बायकांच्या लगेच लक्षात आलं. "अगं बाई, विहीण रुसली!" कोणीतरी रुसव्याचं गाणं धरलं. सानिकाची मावशी चांदीची वाटी घेऊन आली. "काढा रुसवा आता." सगळ्या हसत होत्या. शलाकाताई तेवढ्या हसत नव्हत्या.

"माझं पित्त..." मी म्हणाले.

त्या माझ्यासमोर खाली बसल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "जळगावला आलात तेव्हाही तुम्ही असंच टाकलंत. साखरपुड्याला पेढा नुसता ओठांना लावलात. ताई, खरं सांगा. तुमच्या मनात नसताना केलंत का हे लग्न? आमचं काही चुकलं असेल तर मला बोला, पण पोरीला..." आणि त्यांना पुढे बोलवेना.

गाणं थांबलं. पलीकडे सानिका उभी होती, मुंडावळ्यांच्या आड तिचे डोळे भरलेले. नवरदेव, माझा निहार, माझ्याकडे असा बघत होता की आईने आज हे काय मांडलंय. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी सुई घेतली आहे, एवढंच. पण ते केतकीच्या शेजारी बसून, तिच्या देखत म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना.

"छे हो, भलतंच काय!" मी म्हणाले आणि ती अख्खी पोळी खाल्ली. तुपासकट. टाळ्या पडल्या.

थोड्याच वेळात माझा डावा हात किणकिणायला लागला. आत पट्टी थरथरत होती आणि वर काचेच्या बांगड्या वाजत होत्या. मी हात मांडीखाली दाबला. गाण्यात कोणाला ऐकू जाणार? पण ज्या बाईच्या हातात तसलीच पट्टी आहे तिला जातं.

केतकीचा घास हातातच राहिला. तिने मान न वळवता विचारलं, "कधी घेतलीत?"

"गप्प बस."

"वहिनी, एका पोळीवर थांबा. हात जोडते."

"गप्प बस म्हटलं ना!"

तेवढ्यात सानिका आली. डोळे पुसलेले, हातात ताटली. "आई," ती म्हणाली. मला पहिल्यांदाच आई म्हणाली पोरगी. "एक माझ्या हातची." आणि माझ्या पानात दुसरी पोळी, वर तुपाची दुसरी धार. सगळं कार्यालय माझ्याकडे बघत होतं. माझ्या बरगडीखाली दुखायला सुरुवात झाली होती.

मी पोळीकडे हात नेला, आणि केतकीने माझं ताट सर्रकन आपल्याकडे ओढलं.

"थांबा गं!" ती मोठ्याने हसत म्हणाली. "आमच्याकडे रीत आहे. सुनेच्या हातची पहिली पोळी धाकट्या जावेची. नाहीतर आमच्यात भांडणं होतात म्हणतात."

अशी रीत आमच्या सात पिढ्यांत नाही. तिने ती तिथल्या तिथे, बसल्या पाटावर तयार केली होती.

"अहो, पण तुमची पट्टी?" शलाकाताई घाबरल्या.

"असर संपत आलाय. आज-उद्या निघायचीच आहे ती," केतकी म्हणाली. धडधडीत खोटं. तिचे अजून पंधरा दिवस बाकी होते. तिने तुपाने निथळणारा घास मोडला आणि उचलला.

सगळं सांगते, लपवत नाही. मी गप्प होते. माझ्या मनात आलं, खाऊ दे हिला, मी सुटते. आणि लगेच दुसरं आलं, बघा, चांगुलपणातसुद्धा हीच पुढे! मी मरणाच्या दारात बसले होते आणि मला तिचा हेवाच वाटत होता. घास तिच्या ओठांपाशी गेला. मग मला ती सायीच्या थराची नळी दिसली.

मी तिच्या हातावर फाडकन मारलं. घास उडून शलाकाताईंच्या शालूवर पडला. वरमाईने सुनेच्या हातची पोळी उधळली, असंच दिसलं ना सगळ्यांना! आता बोलणं भाग होतं. मी पदर बाजूला केला, डाव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि हात वर धरला.

"मी सुई घेतली आहे," मी म्हणाले. "म्हणून खात नव्हते. शलाकाताई, तुमची मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडली आहे. मला हिच्यासारखं दिसायचं होतं. ह्या केतकीसारखं. माझ्या मुलाच्या लग्नात ही माझ्यापेक्षा सुंदर दिसेल म्हणून मी जळत होते. आणि हिच्या पोटात एक घास जरी गेला असता ना, तर आज..."

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "अगं, तिचं भाषण पुरे, गाडी बोलवा कोणीतरी."

पोटात सुरी फिरवल्यासारखं दुखत होतं. गाडीत केतकी माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. मागून मंदार आला, निहारही यायला निघाला होता, त्याला मीच ओरडून परत पाठवलं. सानिकाने उंबऱ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा मी सलाइनला टांगलेली होते. माझ्या सुनेला ओवाळलं ते सासूबाईंनी. हे मला जन्मभर पुरेल.

पांढरा थर माझ्याही नळीत आला. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "दुसरी पोळी खाल्ली असती तर सांगता येत नव्हतं." आणि मग केतकीच्या पट्टीकडे बघून, "यांनी खाल्ली असती तर सांगता आलं असतं."

मंदार औषधं आणायला गेला. केतकी स्टुलावर बसली होती, भरजरी साडीत, नथ अजून नाकात.

"तू खरंच खाणार होतीस?" मी विचारलं.

"हो."

"मेली असतीस, मूर्खे."

"कळत होतं."

"मग कशाला?"

"वहिनी, मी या घरात आल्यापासून तुमच्यावर जळत आलेय. तुमची साडी, तुमचं चालणं, फोटोत उभं राहणं. इतकी जळायचे की कधीकधी तुमच्याशी बोलायला नको वाटायचं. सुई घेतली ती तुमच्यासारखं दिसायचं म्हणूनच. पण चारचौघांत आपल्या अंगावरून हसं झालं की कसं वाटतं, ते मला माहीत आहे. ते तुमच्या वाट्याला यायला नको होतं."

माझ्याच्याने राहवेना. "केतकी, तू घास उचललास तेव्हा मी गप्प बसले होते. खाऊ दे हिला, असं आलं होतं माझ्या मनात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुमच्याकडेच बघत होते."

"आणि तरी तोंडाशी नेलास?"

"थांबवलंत ना? झालं तर मग." तिने माझं पांघरूण सारखं केलं आणि नर्सला बोलवायला उठली.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडले. हेवा तिनेही केला होता, वीस वर्षं केला होता. आणि तोसुद्धा माझ्यापेक्षा चांगला केला होता.